घोडी घेऊन गावात निघायचं असेल तर

चांदूर बाजारहून परतवाड्याकडे जाताना दोन्ही हातांना संत्र्याचे बगीचे लागतात. त्या बगीच्यांमधल्या पांदणींवर आमच्या घोड्यांचं निम्मं आयुष्य जातं. एक चंद्री. काठेवाडी घोडी, रंगानं कुमेत, म्हणजे तांबूस-तपकिरी, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली. दुसरा वजीर. तट्टू, पोटानं गोल, डोळ्यांवर झुलपं. सासरे परतवाड्याला टांगा हाकायचे. टांगे गेले, ऑटो आले, पण दावणीला घोडं नाही असा दिवस आमच्या घरानं पाहिला नाही. हल्ली आजूबाजूच्या गावांतली तरुण पोरं हौसेनं घोडी घेतात. कोणी वरातीसाठी, कोणी दारात शोभेला. मग माझ्याकडे येतात. "वयनी, घोडी रस्त्यानं निघतच नाही. अडते. उधळते." त्यांना तोंडी सांगते तेच इथे सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे ध्यानात घ्या की बाहेर काढलेलं घोडं अडतं ते बहुतेक वेळा पाहण्यासाठी. त्याचं पाहून झालं की ते आपण होऊन पाय उचलतं. त्या पाहण्यासाठी वेळ हाताशी ठेवूनच घरून निघा. पिठाचा डबा दळून आणायचा आहे, एस.टी. गाठायची आहे, पाहुणे यायचे आहेत, अशा दिवशी घोडी बाहेर काढूच नका.

निघायच्या आधी पोटाचं पाहा. दाणा खाऊन तास-दीड तास झालेला असावा. आम्ही पहाटे थोडा कडबा टाकतो आणि भिजवलेला हरभरा व गव्हाचा कोंडा फेरी झाल्यावर देतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात जे बिघडतं ते आतच राहतं आणि जीवावर बेततं. ढोरं आवडीनं खातात म्हणून सोयाबीनचं जुनं, बुरशीचा वास येणारं कुटार घोड्यापुढे टाकू नका. गाईचं पोट वेगळं, घोड्याचं वेगळं.

मग खूर. आमची काळी माती पावसाळ्यात खुरात गच्च बसते आणि तिच्यात खडा रुतला की घोडी धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, जाईस्तोवर लंगडायला लागते. आकडीनं टाचेकडून पुढे असं साफ करत या आणि मधल्या मऊ त्रिकोणाला जपा. त्याला घाण वास येत असेल तर सड लागली आहे, त्या दिवशी फेरी रद्द. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलवा, मग नाल झिजलेली असो वा नसो. खूर वाढतच असतो.

खोगीर चढवताना वजीर काय करतो ते पाहण्यासारखं असतं. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला हात घातला की साहेब श्वास भरून पोट फुगवतात आणि निर्विकार चेहऱ्यानं समोरच्या भिंतीकडे पाहत उभे राहतात. तंग बसला असं वाटून तुम्ही रिकिबीत पाय घातलात की पोट खाली आणि खोगीर बगलेला. बरीच घोडी ही युक्ती करतात. म्हणून तंग आधी बेताचा लावा, घोडं आठ-दहा पावलं चालवा, मग पुन्हा आवळा. दोन बोटं आत जातील इतका सैल असला म्हणजे झालं. बसणाऱ्याचं आणि खोगिराचं मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. चंद्री साधारण साडेतीनशे किलोची, म्हणजे तिच्यावर सत्तर किलोच्या वर काही चढवत नाही. आमचे थोरले दीर त्या हिशोबात बसत नाहीत. ते तिच्या शेजारून गप्पा मारत चालतात आणि दोघांनाही ते फार आवडतं.

लगामाच्या आत मोहरकी, म्हणजे तोंडात कडी नसलेली दोराची मुखबांधणी, असू द्या. कुठं बांधायची वेळ आली तर मोहरकीच्या दोरानंच बांधा. लगामानं बांधलेल्या घोड्यानं हिसका दिला तर तोंड फाटतं. गाठ एका ओढीत सुटेल अशी मारा आणि बांधायचं ते झाडाला किंवा पक्क्या खांबाला. बाजारात एकानं घोडं चहाच्या टपरीवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीला बांधलेलं मी पाहिलं आहे. घोड्यानं मान हलवली, खुर्ची हलली, खुर्चीला भिऊन घोडं पळालं आणि खुर्ची उड्या मारत त्याच्या मागं. भाजीची दुकानं ओलांडून दोघं पार बसस्टँडपर्यंत गेले. घोडं पळत होतं ते खुर्चीपासून, आणि खुर्ची काही मागे राहत नव्हती.

वेळेचं गणित आपल्या भागात उन्हावर बसतं. मालवाहू जनावरांसाठी १९६५ चे केंद्र सरकारचे नियम आहेत. त्यांत पारा ३७ अंशांच्या वर असलेल्या भागात दुपारी बारा ते तीन जनावर गाडीला जुंपू नये किंवा त्याच्यावर ओझं लादू नये असं सांगितलं आहे. आपल्याकडे एप्रिल लागतो आणि पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मी तर सकाळी आठच्या आत घोडी परत दावणीला आणते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, फेरी नाहीच. संध्याकाळी विहिरीवर आंघोळ घालायची आणि निंबाखाली उभं करायचं, तीच त्यांची सहल. सगळ्यात सुखाचा काळ दिवाळीनंतरचा. पांदण वाळलेली असते, गोमाश्या कमी झालेल्या असतात आणि हवेत संत्र्याचा वास असतो.

नवीन घोडीला पहिल्याच दिवशी बाजारात नेऊ नका. आधी आखरापर्यंत, म्हणजे गावाबाहेर गुरं जमतात त्या जागेपर्यंत, जा, उभे राहा, परत या. मग नाल्यापर्यंत. मग पलीकडच्या वस्तीपर्यंत. जुनं, शहाणं घोडं सोबत असेल तर काम निम्मं होतं. चंद्री पहिल्यांदा पुलावरून गेली ती वजीरच्या भरवशावर. तो पुलावरच्या फटीकडे न पाहता शेपूट झुलवत पार गेला, मग तीही गेली. दोघांमध्ये एका घोड्याचं अंतर मात्र ठेवा, कारण शेपटीला नाक लागलं की लाथ बसते.

आता अडण्याबद्दल. संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत बगीच्याच्या तोंडाशी निळ्या कॅरेटांची, म्हणजे फळं भरायच्या प्लास्टिकच्या पेट्यांची, उतरंड रचलेली असते. शेजारी ताडपत्री, तिची एक कड वाऱ्यानं फडफडतेय. चंद्री शंभर पावलांवरूनच मंदावते. मग थांबते. मान वर, दोन्ही कान पुढे, टोकांची कमान झालेली. नाकपुड्या रुंद होतात आणि आतून एक मोठा फुर्रर्र आवाज येतो. तिचं वजन मागच्या पायांवर गेलेलं असतं, म्हणजे पुढे काही झालंच तर वळायची तयारी पूर्ण. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा तेवढी दिसत नाही. समोरचं नीट दिसावं म्हणून ते मान वरखाली करतं. त्याला तुम्ही लगाम ओढून धरलात तर त्याचं पाहणंच बंद होतं, आणि न दिसणाऱ्या वस्तूला कोण भिणार नाही?

अशा वेळी खाली उतरा. तिच्या डाव्या खांद्याशी उभे राहा. समोर उभं राहू नका, घाबरली तर तुमच्या अंगावरून जाईल. दोर सैल सोडा. बोलत राहा, काहीही बोला, आवाज हळू असला म्हणजे झालं. मी म्हणते, "काई नाई व माय, कॅरेट होय ते." दोन मिनिटं जातात, कधी पाच जातात. मग एक कान तुमच्याकडे वळतो. तो कान वळला की अर्धं काम झालं. पुढे मान थोडी खाली येते, ओठ सैल पडतात, ती जीभ फिरवते, चघळल्यासारखं करते. त्याच क्षणी एक पाऊल पुढे टाका. एकच. ती आली तर मानेवर हात फिरवा आणि पुन्हा थांबा. अशानं ती स्वतः कॅरेटाला नाक लावेपर्यंत जाते, आणि नाक लावल्यावर कॅरेटात संत्रं आहे हे तिला कळतं. तिथून पुढची अडचण वेगळ्या जातीची असते, बगीचेवाल्याची परवानगी घेण्याची.

परत येताना तोच ढिगारा दुसऱ्या बाजूनं दिसतो, तेव्हा पुन्हा थांबावं लागेल. "आताच तर पाहिलं ना!" म्हणून चिडू नका. तिच्यासाठी ते नवीन आहे.

चाबूक मारून घोडी पुढे जाते हे खरं, पण पुढच्या वेळी तिला कॅरेटाची आणि चाबकाची अशी दोन भयं असतात. शेगावला टाकळीकर बुवांचा द्वाड घोडा गजानन महाराजांनी शांत केला, ती गोष्ट आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. साखळदंडानं बांधावं लागायचं असा घोडा, आणि महाराज रात्री त्याच्या चार पायांमध्ये जाऊन निजले. माझ्या सासूबाई ही गोष्ट सांगून नव्या गड्याला बजावायच्या की घोड्याजवळ जाताना आधी आपला जीव शांत करून जायचं. मी अजून तेच करते. भांडण करून आलेल्या माणसाच्या हाती मी दोर देत नाही.

वजीरचं अडणं मात्र भीतीचं नसतं. तो पीठगिरणीसमोर थांबतो, कारण गिरणीवाला त्याला ज्वारीची मूठ देतो. मारुतीच्या पाराजवळच्या आजीकडे थांबतो, कारण तिथं वाळलेल्या भाकरीचा तुकडा मिळतो. आजी घरात असेल तर तो फाटकाची कडी ओठांनी वाजवतो. ही ठिकाणं त्याची ठरलेली आहेत, त्यांचा वेळ फेरीत धरूनच निघायचं. एखाद्या दिवशी थांबायचं नसेल तर दुसऱ्या गल्लीनं जा. त्याच गल्लीतून नेऊन थांबू न देणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि तो तो सोसत नाही, रस्त्यात आडवा उभा राहतो.

दोन घोडी असतील आणि एकच बाहेर न्यायची असेल तर मागे राहिलेल्याचा बंदोबस्त आधी करा. घोडं एकटं राहू शकत नाही. चंद्री वरातीला गेली की वजीर अख्ख्या गावाला कळवायचा. फेऱ्या मारी, खिंकाळे, पाणी पीत नसे. आता त्याच्याजवळ एक बकरी बांधतो. तिनं त्याच्या पाठीला अंग घासलं की तो गप्प बसतो. सुरुवातीला दूर नेलेलं घोडं लगेच परत आणा, मग हळूहळू वेळ वाढवा.

रस्त्यावर डाव्या कडेनं, चालीनं चला. मागून एस.टी. किंवा कापसाची ट्रॉली आली तर घोडीचं तोंड तिच्याकडे वळवून उभे राहा. जे दिसतं त्याला घोडं कमी भितं, पाठीमागून जे गुरगुरत येतं त्याला जास्त. ड्रायव्हरला हाताचा पंजा खालीवर करून हळू जायची खूण करा. आमच्या मार्गावरचे बहुतेक ड्रायव्हर चंद्रीला ओळखतात, हॉर्न न वाजवता जातात, एखादा तर खिडकीतून तिला नमस्कारही घालतो. अंधार पडणार असेल तर झुलीला आणि पायांना रेडियमची पट्टी लावा.

आणि माणसं. घोडी घेऊन निघालात की गाव बोलणारच. "वयनी, घोडी कुठी चालली?" या प्रश्नाचं उत्तर द्या, दोन मिनिटं थांबा. पोट्टे जमतील. त्यांना खांद्याच्या बाजूनं, एकेक करून पुढे घ्या. हात कसा ठेवायचा ते शिकवा. तळवा सपाट, बोटं जुळलेली, अंगठा आत. मागून कोणालाही येऊ देऊ नका. कोणी भित्र्या लेकराला भीती जावी म्हणून घोडीवर बसवायला मागतं. बसवा, पण आईचा हात पाठीला हवा आणि दोर तुमच्या हाती. अंगठी करायला काळ्या घोड्याची नाल मागणारे तर दर बाजारी भेटतात. चंद्री कुमेत आहे, तरी मागतात, आणि आम्ही जुनी नाल काढली की देतोही. पेढे, लाडू, लग्नातला भात मात्र कोणाला भरवू देऊ नका. गाजर, संत्र्याच्या फोडी, गुळाचा लहानसा खडा, इथवर ठीक.

रस्त्याकडेला तोंड घालू देताना डोळ्यांत तेल घाला. नाल्याच्या काठची बेशरम, देवळाच्या आवारातली कण्हेर, एरंडीच्या बिया, तिन्ही विषारी. गाजरगवतही नको. ताण पडलेली कोवळी ज्वारी नको. आणि कापसावर फवारणी झाली असेल तर त्या धुऱ्यावरचं गवत कितीही हिरवं असो, मुसकी बांधूनच तिथून पुढे न्या.

बहिरमच्या यात्रेला घोडी न्यायची हौस सगळ्यांना असते, मलाही आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाडा-बैतूल रस्त्यावर डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर ही यात्रा चालते. रविवार टाळा. आडवारी सकाळी लवकर पोचा, पाळणे आणि भोंगे सुरू व्हायच्या आत फिरून घ्या. स्वतःची बादली आणि स्वतःचा तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, घरून न्या. यात्रेतल्या हौदावर, दुसऱ्या घोड्यांच्या बादलीत तोंड घालू देऊ नका. ग्लँडर्स नावाचा रोग असाच पसरतो. त्याला लस नाही, तो माणसालाही होतो, आणि रोग ठरला की जनावर वाचवता येत नाही. ज्या घोड्याच्या नाकातून घट्ट पू येतोय किंवा अंगावर गाठी फुटल्यात, त्याच्यापासून लांब राहा. त्याच्या मालकाला सरकारी दवाखान्यात जायला सांगा. धनुर्वाताची लस मात्र आहे आणि ती घोड्याला टोचलेली हवीच. घोडं धनुर्वाताला फार नाजूक, एका खिळ्यानं जातं.

यात्रेत घोड्याजवळ एक माणूस कायम हवा. आम्ही पाळीनं जेवतो. रोडगे आणि वांग्याची भाजी होईस्तोवर वजीरला चुलीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बांधतो. धूर लागू नये हे एक कारण, परात हे दुसरं. शेजारच्या बिऱ्हाडाच्या भिजवलेल्या कणकेकडे तो ज्या प्रेमानं पाहतो ते पाहून बायका त्याला गोळा द्यायला निघतात. कच्ची कणीक देऊ देऊ नका, पोटात ती गच्च बसते. भाजलेल्या रोडग्याचा वरचा कडक पापुद्रा एवढासा दिला तर चालतो. त्यासाठी तो पुढचा पाय उचलून हात मिळवतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

घराकडे वळलं की घोडं पाय उचलतं. शेवटचा टप्पा उतरून पायी चाला, तंग एका भोकानं सैल करा. असं रोज केलं की दारात पोचेपर्यंत त्याचा श्वास बसतो आणि घराकडे उधळायची सवयही लागत नाही. आल्यावर पाणी द्या. दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी घोड्याला लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दाणा तासाभरानं. घामाचा पट्टा धुऊन काढा, नाहीतर खोगिराखाली मीठ सुकून जखम होते. जबड्याच्या खालच्या कडेला नाडी लागते. विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असावी. अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश हे नेहमीचं.

आंघोळ झाली की चंद्री सरळ परसातल्या काळ्या मातीत जाऊन लोळते आणि उठते तेव्हा कुमेत घोडी कुठे दिसत नाही, दुसरीच कोणी काळीभोर उभी असते. लोळू द्या. पाठ खाजते, सांधे मोकळे होतात, अंगाला माश्या कमी लागतात. माती वाळली की खरारा मारा, निघून जाते.

लोळणं आणि पोटशूळ यांत फरक ओळखा. सुखानं लोळलेलं घोडं उठून अंग झाडतं आणि चाऱ्याकडे जातं. पोट दुखणारं घोडं पुन्हा पुन्हा बसतं-उठतं, वळून बगलेकडे पाहतं, पायानं माती उकरतं, अंग न झाडताच उभं राहतं, लीद टाकत नाही. असं दिसलं की चारा समोरून काढा आणि डॉक्टरांना लगेच फोन लावा. ते येईपर्यंत आपटून घ्यायला लागलं तर हळूहळू चालवा. बाटलीनं तेल किंवा सोडा पाजू नका. फुप्फुसात गेलं तर पोटाआधी घोडं त्यानंच जातं. घोड्यांचं काम येणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आमच्याकडे पागेच्या दारावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे, म्हणजे रात्री बॅटरीच्या उजेडातही दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दावणीवरच चारही पाय हातानं चाचपा, गुडघ्यापासून खुरापर्यंत. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर विहिरीचं थंड पाणी वीस मिनिटं त्यावर सोडा आणि त्या दिवशी फेरी नाही. तसा निरोप पीठगिरणीलाही पाठवा, नाहीतर तिकडून विचारायला माणूस येतो.